घरी विचारून सांगते

धरणेंद्र पंप्सचं मुख्यालय परदेशी जाणार, हे भूपालअण्णा मगदुमांना पिठाच्या गिरणीत कळलं.

ज्वारीचा डबा कट्ट्यावर ठेवून ते उभे होते. गिरणीवाला सन्मती पाटील पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उडवत म्हणाला, "काय ओ अण्णा, वैनींची कंपनी चालली म्हणं साता समुद्रापार. पेढे नाहीत ते नाहीत, निदान सांगायचं तरी."

"कंपनी कुठं जाईल? कुपवाडची भट्टी काय डोक्यावर घेऊन जाणार हाय आमचा मेहुणा सुकुमार?"

"भट्टी नव्हं ओ, मुख्यालय. सांता वेरा का कायसं बेट हाय. भट्टी हितंच, धूर हितंच, कामगारांचा मोर्चा पण हितंच. नुसतं मुख्यालय तिकडं."

"मग जाऊ दे की. मुख्यालय म्हणजे काय, एक पाटी आणि दोन कुंड्या."

गिरणीतली माणसं हसली. अण्णाही हसले आणि गरम पिठाचा डबा काखेला लावून घराकडं निघाले. कॉलनीच्या वळणावर मात्र त्यांचे पाय थांबले. मुख्यालय त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. कुपवाडच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर एका थंडगार खोलीत कपड्यांच्या कपाटाएवढा काळा डबा होता. मुख्यालय म्हणजे तो डबा. आणि त्या डब्यात त्रिशला होती.

त्रिशला म्हणजे अण्णांची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

तिच्या वडिलांनी, थोरल्या चौगुल्यांनी, कुपवाडला विहिरीवरचे पंप ओतायची भट्टी घातली होती. ती भट्टी त्रिशलानं वाढवली आणि तिचे पंप आफ्रिकेपर्यंत पोचवले. अण्णा वीज मंडळाच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होते. बायको कंपनीची मालकीण आणि नवरा पाळी करतो, असं लोक बोलायचे. ते दोघांच्याही कानावर यायचं आणि दोघांपैकी कुणालाच त्याचं काही वाटायचं नाही. मूलबाळ नव्हतं. एका दुपारी बैठक चालू असतानाच तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ऑफिसातून फोन आला तेव्हा अण्णा गवारीच्या शेंगा मोडत होते. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

कंपनी मात्र थांबली नाही. मोठ्या कंपन्यांत त्या सुमारास प्रतिमती बसवायची पद्धत पडली होती. प्रतिमती म्हणजे माणसाच्या मेंदूची नक्कल नव्हे. ते अजून कुणाला जमलेलं नाही. कारभार पाहणाऱ्या माणसाच्या वीस-तीस वर्षांच्या बैठका, फोन, पत्रं, सौदे, भांडणं, चुका असं सगळं यंत्रापुढं ओतायचं. यंत्र त्यातून त्या माणसाची वाट शिकतं. पेच समोर आला की हा माणूस आधी काय विचारतो, किती थांबतो, कशाला बिचकतो, कुठं अडून बसतो आणि शेवटी कुठं पोचतो, ती वाट. ती पक्की झाली की नवा पेच समोर ठेवला तरी यंत्र त्याच वाटेनं चालत जातं आणि बहुतेक वेळा त्या माणसानं दिलं असतं तेच उत्तर देतं. त्रिशलाची प्रतिमती ती हयात असतानाच तयार झाली होती. ती प्रवासात असली तर अडचण नको, म्हणून. ती गेल्यावर कायद्यानं प्रतिमतीला संचालक म्हणून मान्यता दिली आणि कारभार तसाच पुढं चालू राहिला.

यातून एक गोष्ट अशी झाली, जी यंत्र करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. कंपनीवर कर कुठल्या देशानं लावायचा, हे ठरवायचा नियम सोपा होता. कंपनीचे मोठे निर्णय खरोखर जिथं होतात, ते कंपनीचं घर, आणि कर त्या घराच्या देशाला. पूर्वी कर चुकवायला संचालकांना विमानानं एखाद्या बेटावर जावं लागायचं. तिथं बैठक भरवायची, मासे खायचे, फोटो काढायचे आणि परत यायचं. आता निर्णय डब्यात होत होते. डबा उचलला आणि बेटावर ठेवला, की कंपनी त्या बेटाची रहिवासी. भट्टी, माणसं, रस्त्यावरचे ट्रक सगळं जागच्या जागी राहतं, घर तेवढं हलतं. कंपन्यांमागून कंपन्या अशा निघाल्या होत्या. धरणेंद्र पंप्स त्यांतली पहिली नव्हती, मोठी तर नव्हतीच.

पण त्या डब्यातून रोज संध्याकाळी अण्णांना फोन यायचा.

तो कसा सुरू झाला, तेही सांगायला हवं. सुतक फिटल्यावर त्रिशलाचा धाकटा भाऊ सुकुमार घरी आला होता. त्याच्या हातात एक छोटा फोन होता. "दाजी, अक्काचा आवाज हाय ह्यात. रोज येईल. बोला न बोला, तुमची मर्जी. आमच्याकडनं एवढं तरी." अण्णांनी तो भाजीच्या टोपलीशेजारी ठेवला आणि विसरून गेले. दिवस कलला, त्यांनी ताट वाढून घेतलं, आणि फोन वाजला.

"अहो, जेवलासा काय?"

अण्णांनी घास ताटात ठेवला. पलीकडून त्रिशला बोलत राहिली. टांझानियाचा माल बंदरात अडकलाय, व्हॉल्व्हचा ठेकेदार परत तोंड वेंगाडतोय, नवीन पोरगी हिशोबात हुशार आहे पण फार घाबरते. शेवटी अण्णांच्या तोंडून निघालं, "मग?" आणि ती पुढं सांगू लागली, जशी सगळा संसार सांगत आली होती.

ही माणसं जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारी. कितीही मोठी बैठक असो, त्रिशला दिवस असताना घरी यायचीच. अण्णा तोवर भाकरी करून ठेवायचे. पाळी सकाळची असेल तर भाजीही. ती हातपाय धुऊन ओट्याला टेकून उभी राहायची आणि दिवसभराचं बोलायची. अण्णा "हं" म्हणायचे, "मग?" म्हणायचे. पंपातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि कळतं असा आवही त्यांनी कधी आणला नाही. ताटं वाढून व्हायची तोवर तिचं बोलून झालेलं असायचं. आता ताट एकच वाढायचं होतं. बाकी बोलणं तसंच होतं.

दोन वर्षं अण्णा त्या वेळेवर जगले. लग्नाकार्याला गेले तरी उन्हं कलायच्या आत घरी परतायचे. लोक म्हणायचे, एकटा माणूस, घरात कोण वाट बघतंय? अण्णा चपला घालून निघायचे.

सुकुमार तीन दिवसांनी आला, पेढे घेऊनच. अण्णांनी पेढ्यांचा बॉक्स न उघडता बाजूला सरकवला.

"त्रिशलाला विचारलंत?"

"काय?"

"मुख्यालय हलवायचं. एवढा मोठा निर्णय. तिच्यापुढं ठेवला?"

सुकुमारनं खुर्ची सारखी केली. "हे भागधारकांनी ठरवायचं असतंय दाजी. मशीनला विचारायची गरज नसती."

दोन वर्षांत त्यानं 'अक्का' सोडून दुसरा शब्द काढला नव्हता. अण्णांना ते बोचलं.

"आणि फोन?"

"तेच सांगायला आलोय. तुम्ही पण चला की." सुकुमार पुढं सरकला. "समुद्रासमोर घर घेतलंय तुमच्या नावानं. बाई ठेवलीया स्वयंपाकाला, कांदा-लसूण घरात येणार नाही. हितं काय ठेवलंय तुमचं? सकाळी गिरणी, संध्याकाळी फोन. गिरणी तेवढी सुटंल."

"आणि मी नाही आलो तर?"

"तर फोन बंद करावा लागंल. कायदा तसा हाय. डबा तिकडं गेला की हिकडं काहीच यायला नको." तो उठला आणि चपला घालता घालता म्हणाला, "तुमचे कागद होईस्तोवर चालू ठेवतो. पण कुणाला बोलू नका, काय? बाहेर कळलं तर घोटाळा व्हायचा."

म्हाताऱ्या दाजींसाठी परदेशात समुद्रासमोर घर. सुकुमार वाईट नव्हता, पण एवढा सढळही नव्हता. अण्णा बराच वेळ त्या पेढ्यांकडं बघत बसले.

डबा गेला. कधी गेला ते अण्णांना कुणी सांगितलं नाही. पेपरात फोटो आला. निळा समुद्र, पांढरी इमारत आणि दारात फीत कापणारा सुकुमार. त्या संध्याकाळी फोन नेहमीसारखाच वाजला.

"त्रिशला, तू आत्ता कुठं आहेस?" अण्णांनी विचारलं.

"ऑफिसात. निघतेच आहे. का ओ?"

"काही नाही."

"जेवून घ्या. दिवस मावळाय लागलाय."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिवस खरंच मावळत होता.

महिन्याभरानं दारात एक बाई आली. वय पस्तिशीचं, खांद्याला पिशवी. "नमस्कार काका. मी आयेशा मुल्लाणी. आयकर खात्यातून आलेय. घाबरू नका, तुमच्याकडं काही निघत नाही."

"माझ्याकडं काय निघणार बाई, पेन्शन हाय फक्त. या, बसा."

ती चहा घेते म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची ओढून बसली. अण्णा चहा टाकेपर्यंत ती ओटा, खिडकी, टोपलीशेजारचा फोन सगळं बघत होती.

"काका, तुमच्या मॅडमच्या कंपनीनं आमच्याकडं पुरावे दिलेत. सगळे निर्णय बेटावरच होतात, असे. बैठकांची चित्रफीतच दिलीय. मी ती सगळी ऐकली. माणसं बोलतात, प्रतिमती ऐकते, प्रश्न विचारते. एकदम छान. आणि मोठा विषय आला, की दरवेळी म्हणते, 'घरी विचारून सांगते.' दुसऱ्या दिवशी सकाळी निर्णय देते."

अण्णांना हसू आलं. "ती तसं म्हणायचीच. पहिल्यापासून. लोकांना गंमत वाटायची."

"हो ना. ऐकणाऱ्याला ती बोलायची लकबच वाटेल, असं कंपनीला वाटलं असणार, म्हणून तर त्यांनी ती फितीत राहू दिली. माझी आईपण साडीवाल्याला हेच सांगते, कटवायला. कोण विचारतंय घरी!" तिनं कप खाली ठेवला. "पण मी मधल्या वेळाची नोंद काढली. सकाळचा निर्णय आणि आदल्या दिवसाची बैठक, यांच्यामध्ये रोज एक फोन होतो. बेटावर तेव्हा ऐन दुपार असते. गंमत अशी, की त्या फोनची वेळ रोज थोडी थोडी सरकते. मागच्या दोन वर्षांची नोंद बघितली, तर थंडीत लवकर, उन्हाळ्यात उशिरा. तिथं दिवस एवढा लहानमोठा होत नाही. आमच्या ऑफिसात सगळे म्हणाले, यंत्रात बिघाड असेल. मी मिरजेची आहे काका. आमच्या शेजारी तुमच्यातलेच उपाध्ये राहतात. त्यांच्याकडं संध्याकाळी ताटं कधी वाढतात, ते मला लहानपणापासून पाठ आहे."

अण्णा ओट्याला टेकले.

"डबा तिकडं गेला, पण घड्याळ सांगलीच्या सूर्यावरच राहिलं," ती म्हणाली. "डबा हलवायच्या आधी एक आठवडा त्यांनी हा फोन बंद करून बघितला होता. त्या आठवड्यात प्रतिमतीनं एकही मोठा निर्णय दिला नाही. आठवडाभर घरी विचारून सांगते, घरी विचारून सांगते. तिची वाटच तशी पडलीय. तुम्हाला विचारल्याशिवाय तिला पुढं जाता येत नाही."

तो आठवडा अण्णांना चांगलाच आठवत होता. वायर दुरुस्त करतोय, असं तेव्हा सुकुमार म्हणाला होता. अण्णा दोन घासांवर उठत होते त्या दिवसांत.

म्हणजे हा फोन माया म्हणून नव्हता. आणि समुद्रासमोरचं घरही माया म्हणून नव्हतं. डब्याला बेटावर घर लागत होतं, आणि ते घर म्हणजे अण्णा.

"पण बाई, मी तिला काही सांगत नाही. मला त्यातलं कळत नाही."

"मग काय म्हणता?"

"'मग?' असं म्हणतो."

"एवढंच?"

"कधी कधी 'बरं' म्हणतो."

मुल्लाणी मॅडम हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. त्यांनी खिडकीकडं बघितलं. म्हणाल्या, "काका, मला तुमचा जबाब हवाय. निर्णय कुठं व्हायचे आणि कुठं होतात, जे खरं असेल ते. तुम्ही दिलात तर कंपनीचं घर इथंच आहे, हे सिद्ध होईल. नाही दिलात आणि तिकडं राहायला गेलात, तर मला काही करता येणार नाही. पण एक सांगते, नाहीतर उद्या माझ्या नावानं बोटं मोडाल. जबाब दिलात तर ते हा फोन बंद करतील. त्याच दिवशी."

"मग तिचं काय होईल?"

"दुसरी प्रतिमती आणतील. घर नसलेली."

त्या गेल्यावर अण्णांनी कप विसळले. त्रिशला कर भरायची तो शिव्या देत. मार्च महिन्यात तिच्या वाऱ्याला उभं राहायची सोय नसायची. पण भरायची. कुणी बेटाची गोष्ट काढली की म्हणायची, "ट्रक माझे ह्या रस्त्यावर पळणार, पोरं ह्या शाळांत शिकून माझ्याकडं येणार, आणि पैसे तिकडं टाकू होय? तिकडचं कोण येणार हाय खड्डे बुजवायला?" हे ती याच ओट्याशी उभी राहून बोलली होती. तेव्हाही अण्णा "बरं" एवढंच म्हणाले होते.

पण आता मधे समुद्र होता, आणि त्या समुद्राकाठी रोज संध्याकाळी तिचा आवाज होता. खरं सांगायचं तर अण्णांचं मन बेटाकडंच ओढत होतं. इथं राहून काय करायचं? जबाब द्यायचा म्हणजे स्वतःच्या हातानं घर दुसऱ्यांदा रिकामं करायचं. त्यांनी ट्रंक काढली. तिला गंज चढला होता, तरी उन्हात टाकली. मग वाटलं, आधी तिलाच विचारावं. दोन वर्षांत आपण तिला काहीच विचारलेलं नाही. आयुष्यातही कधी फारसं विचारलं नव्हतं. विचारायची ती.

संध्याकाळी तिचं बोलून झाल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"त्रिशला, मी म्हणतो, घर बदलू या का? समुद्राकाठी जाऊ या. हे घर सोडू."



"घरी विचारून सांगते," त्रिशला म्हणाली.

अण्णांना वाटलं ती थट्टा करते आहे. "अगं, घरी म्हणजे कुणाला? मीच बोलतोय नव्हं का."

"हो, कळलं की. मोठा विषय आहे. घरी विचारून सांगते." आणि मग, तशाच मायेनं, "अहो, जेवलासा काय?"

अण्णा खाली पाटावर बसले. त्रिशला हे वाक्य सगळ्या जगाला म्हणायची. बँकेच्या साहेबाला, मंत्र्याच्या माणसाला, स्वतःच्या बापालासुद्धा. पण त्यांना एकट्याला ते तिनं कधीच म्हटलं नव्हतं. म्हणणार कशी? तिला ज्या घरी विचारायचं होतं ते घर म्हणजे अण्णाच होते. घर सोडायचं म्हटल्यावर ती म्हणाली असती, येडं लागलंय काय तुम्हाला? नाहीतर म्हणाली असती, चला, कधी निघायचं? काहीतरी म्हणाली असती. बैठकांतून आणि फोनांतून शिकलेल्या यंत्राला या ओट्यावरचं काही मिळालेलंच नव्हतं. इथं कुणी काही टिपून ठेवलं नव्हतं. त्याला दारापर्यंतची वाट सापडली होती. दाराच्या आतलं माहीत नव्हतं.

तरी दुसऱ्या दिवशी दिवस कलला तसे अण्णा फोनजवळ येऊन बसले. नक्कल तर नक्कल. आवाज तिचाच होता.

"अहो, एक कठीण विषय आलाय. बाबांनी घातलेली जुनी भट्टी. सुकुमार म्हणतो बंद करू या. ओतीव काम बाहेरून आणलं तर स्वस्त पडतंय. दोनशे माणसं हायत तिथं. निम्म्यांचे बापपण तिथंच होते."

"मग?"

"मग काय, आकडे त्याचे बरोबर आहेत. त्यातच तर अडचण हाय. आकडे चुकीचे असते तर सोपं होतं."

बंद करू नको, असं अण्णांच्या अगदी ओठावर आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना तिला काही सांगावंसं वाटत होतं. पण सांगितलं तर ती तेच करेल, अशी भीती वाटली. मग तो निर्णय तिचा राहणार नाही, एका पेन्शनर ऑपरेटरचा होईल. आपल्याला त्यातलं काय कळतं? खिडकीत ऊन संपत आलं होतं, भाकरी गार होत होती.

"उद्या बोलू या," ते म्हणाले.

"बरं. उद्या बोलू."

सकाळी अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि रिक्षानं आयकर कार्यालयात गेले. का गेले, ते त्यांनी मुल्लाणी मॅडमना नीट सांगितलं नाही. खरं कारण असं होतं, की कंपनीच्या कागदात लिहिलं होतं, आजवरचे सगळे निर्णय श्रीमती मगदूम यांच्या प्रतिमतीनं बेटावर, आणि त्याआधी श्रीमती मगदूम यांनी कुपवाडच्या कार्यालयात घेतले. मुल्लाणी मॅडमनी घरी आल्या तेव्हाच तो कागद त्यांना दाखवला होता. त्या कागदाप्रमाणे ओट्याशी कुणी उभंच राहिलेलं नव्हतं. तीस वर्षांच्या संध्याकाळी झाल्याच नव्हत्या. अण्णांना तो कागद खोटा वाटला. तो कुणीतरी खोटा ठरवायला हवा होता, आणि त्यांच्याशिवाय आता कुणी उरलं नव्हतं.

"लिहा," ते म्हणाले. "कंपनीचं मुख्यालय आमच्या स्वयंपाकघरात होतं. दिवस मावळायच्या आत."

मॅडमनी मान वर करून बघितलं. "काका, एकदा विचार करा. अजून वेळ आहे."

"केलाय. लिहा तुम्ही."

कंपनीला कळायला एक-दोन दिवस तरी लागतील, असा त्यांचा हिशोब होता. तेवढ्यात एक फोन येईल आणि कालचं बोलणं पुरं होईल. जबाबावर अंगठ्याचा ठसा उमटला, की त्याची प्रत त्याच क्षणी दोन्ही बाजूंना जाते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

दुपारी सुकुमारचा फोन आला. घरच्या फोनवर.

"दाजी, काय केलंसा हे?"

"खरं होतं ते सांगितलं."

"खरं? कुणाला पाहिजे होतं खरं? तुम्हाला घर देत होतो. तिचा आवाज देत होतो. कोण करतंय एवढं?" त्याचा आवाज चिरकला. "अक्काला मारलंसा तुम्ही. दुसऱ्यांदा मारलंसा."

"ती पहिल्यांदाच गेली होती रे सुकुमार," अण्णा म्हणाले. "आपण दोघांनी मिळून बसवून ठेवली होती तिला."

सुकुमार रडत होता की नुसता धापा टाकत होता, ते कळलं नाही. "मला पण कधी कधी तिच्याशी बोलायला बरं वाटायचं," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी अण्णांनी भाकरी केली. ताट वाढून घेतलं आणि फोनकडं पाठ करून बसले, म्हणजे वाजला तर अचानक वाजल्यासारखा होईल. दिवस मावळला. अंधार पडला, तरी ते ताटावरून उठले नाहीत. घास तोंडात गेला नाही, आणि मग वेळ टळल्यावर जेवणं शक्यच नव्हतं. त्यांनी भाकरी झाकून ठेवली.

त्याला आता चार महिने झाले. खटला चालू आहे. कंपनीचे वकील म्हणतात, स्वयंपाकघराला मुख्यालय म्हणता येत नाही. मुल्लाणी मॅडम म्हणतात, कायद्यात तसं कुठंही लिहिलेलं नाही. डबा सध्या बेटावरच आहे, पण बंद. सुकुमारनं तयार मिळते तसली नवी प्रतिमती आणली आहे. ती मिनिटात निर्णय देते आणि कुणाला काही विचारत नाही. सन्मती गिरणीवाला अण्णांचं दळण हल्ली आधी टाकतो आणि कंपनीबद्दल काही बोलत नाही. संध्याकाळी अण्णा वेळेवर जेवतात.

जुन्या भट्टीचा विषय नव्या यंत्रापुढं अजून आलेला नाही, पुढच्या महिन्यात येईल म्हणतात. दोनशे माणसं रोज कामावर जातात. बंद करू नको, एवढंच अण्णांना त्रिशलाला सांगायचं होतं. ते सांगायचं राहिलं आहे.